सावलीतली घळ

हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणारी सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे कालव्यावरचा पूल. सायकलवरून तो चढताना मला धाप लागायची आणि मागून येणारी सत्तरीची एखादी डच आजी घंटी वाजवून माझ्या पुढे निघून जायची. अशा सपाट गावात, दुसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय टेकवून मी डोंगर काढायचे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. डोंगर सहारातले, शेवटच्या पक्क्या रस्त्यापासून गाडीने दोन दिवस आत. तिथे मी कधी गेले नाही आणि आता जाईन असंही वाटत नाही. पण त्या रांगेतली एकूण एक सोंड आणि एकूण एक घळ मला ठाऊक होती. सांगलीतल्या माझ्या माहेरच्या गल्ल्यासुद्धा मला इतक्या पाठ नाहीत.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रहाने एकाच जागेची दोन बाजूंनी काढलेली दोन चित्रं स्क्रीनवर एकत्र आणायची, जाड काळा चष्मा लावायचा, आणि थोडा वेळ डोळ्यांना छळलं की सपाट चित्रातून डोंगर वर उठून येतो. स्क्रीनवर एक लाल ठिपका असतो. हाताखालचं चाक फिरवून तो ठिपका जमिनीला टेकवायचा आणि एकाच उंचीवर धरून डोंगराभोवती फिरवून आणायचा. ठिपका जिथून गेला ती कंटूरची रेघ. मग वीस मीटर वर जायचं आणि पुन्हा एक फेरी. दिवसभर हेच.

"एवढ्या प्रदक्षिणा गणपतीला घातल्या असत्यास ना, तर मला कधीच नोकरी लागली असती," नवरा म्हणायचा. तो पुण्यातली आयटीतली चांगली नोकरी सोडून माझ्या परमिटवर आला होता आणि आठ महिने घरी बसून अर्ज करत होता. "आमच्याकडे मी डिपेंडंट," असं तो लोकांना हसत सांगायचा. आठव्या महिन्यात ते हसणं जरा कमी झालं होतं. माझी नोकरी गेली तर दोघांनाही बॅगा भरायला लागणार, हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

ऑफिसात एकच माणूस असा होता, ज्याने ते डोंगर खरोखर पायाखाली घातले होते. साठी उलटलेला, उंच, गुडघ्यांची वाट लागलेला डच माणूस. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझी जीभ वर्षभर काही तयार झाली नाही. नाव न घेताच, समोर जाऊन उभं राहून मी काम भागवायचे. घरी आम्ही त्यांना आजोबा म्हणत असू. आम्ही ऑफिसात बसून काढलेली शीटं छापली, की आजोबा ती घेऊन वाळवंटात जायचे. विहीर म्हणून दाखवलं तिथे खरंच विहीर आहे का, वाट आहे का, हे चालून बघायचे आणि तिथल्या माणसांना विचारून जागांची नावं लिहून आणायचे.

मला काम त्यांनीच शिकवलं. चित्रं हिवाळ्यातल्या सकाळची असायची, ऊन कलतं. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या खोल घळी पूर्ण काळ्या दिसत. त्या काळ्यात ठिपका टेकायला काही मिळतच नाही. वर-खाली नुसता तरंगत राहतो. अशा जागी रेघ तुटक काढायची, हा आमच्या कामाचा नियम.

"तुटक रेघ म्हणजे, मला दिसलं नाही," आजोबा म्हणाले होते. "बस, एवढंच. अखंड रेघ दिसली की मी पाय टाकतो. तुटक दिसली की आधी खाली बसतो आणि बघतो."

त्यांची एक पद्धत होती. निघायच्या आदल्या दिवशी ते छापलेलं शीट, निळी पेन्सिल आणि कॉफीचा कप घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कुठे खोटं बोललीस?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, आपण काय केलं? मग बघितलं तर सगळे हसत हसत बोट ठेवून दाखवत होते. इथे अंदाजाने ओढलीय, इथे कंटाळा आला होता, ही वाट आहे की उंटांच्या पावलांचा माग ते माहीत नाही. आजोबा तिथे तिथे निळा गोल करायचे. रागावणं नाही, काही नाही. निळ्या गोलापाशी पोचल्यावर ते जपून चालणार, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या. शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा त्यांच्या टेबलावर तपासायचा गठ्ठा असायचा, म्हणून घरी त्यांचं नाव नुसतं बाई. ऑक्टोबरात त्यांनी मला कामाचा आढावा घ्यायला बोलावलं. माझं शीट आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं शीट त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं होतं.

"तुझ्याकडे तुटक रेघा जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या भागात सावली जास्त आहे, की तू घाबरतेस?"

त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. एखाद्या डच मुलीने "सावली जास्त आहे" असं सांगितलं असतं आणि जाऊन ब्रेड-चीज खाल्लं असतं. खरं उत्तरही तेच होतं. मला मात्र त्यात फक्त 'घाबरतेस' एवढं ऐकू आलं. मी म्हटलं, "बघते. कमी करते."

माझी आई गणिताची शिक्षिका. चौथीच्या स्कॉलरशिपपासून तिचं एकच सांगणं. पेपर कोरा ठेवायचा नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहून यायचं. तपासणाऱ्याला कळलं पाहिजे की पोरीने प्रयत्न केलाय. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने हे घराघरातून ऐकलंय. आणि ते चालतंही. दहावीला भूमितीचं एक प्रमेय मला अजिबात येत नव्हतं. मी पहिली ओळ आणि शेवटची ओळ लिहिली, मधे सुवाच्य अक्षरात ठोकून दिलं, आणि चारपैकी तीन मार्क घेतले. हा किस्सा मी अनेक वर्षं फुशारकीने सांगत आले.

त्या घळीचं मी तेच केलं.

रांगेच्या मधोमध एक खिंड होती. खिंडीतून उत्तरेकडे एक घळ उतरत होती आणि पायथ्याशी एक विहीर होती. घळीचं वरचं तोंड दिसत होतं, खालचा वाळूचा भागही दिसत होता. मधला सगळा काळा. अकरा रेघांचं अंतर. दुपारच्या वेळचं, ऊन डोक्यावर असतानाचं दुसरं चित्र मागवता आलं असतं. ते यायला सहा आठवडे लागत. किंवा अकरा रेघा तुटक काढायच्या, म्हणजे शीटच्या ऐन मध्यावर मोठं भोक पडल्यासारखं दिसणार आणि बाई पुन्हा विचारणार.

वरची उंची माहीत होती, खालची माहीत होती. मी मधलं अंतर सारखं वाटून टाकलं आणि अकरा रेघा ओढल्या. अखंड. वरच्या रेघेचा बाक हळूहळू खालच्या रेघेच्या बाकात जाईल अशा बेताने, अगदी निगुतीने. वीस मिनिटं लागली. मग चित्र लहान करून लांबून बघितलं. छान चालून उतरता येईल असा उतार तयार झाला होता. मला माझं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

डिसेंबरात आजोबा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. कॉफी, शीट, निळी पेन्सिल. "कुठे खोटं बोललीस?"

मी एक वाट दाखवली, तिची मला खात्री नव्हती. एक ठिपका दाखवला, तो विहीर असेल किंवा नुसतं झुडूप. त्यांनी दोन गोल केले.

"अजून?"

शेजारच्या टेबलाशी बाई छापलेली शीटं लावत उभ्या होत्या. त्या तिथे नसत्या तर मी बोलले असते, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होते. आता तसं म्हणवत नाही. माझं बोट माझ्या कपाच्या कानातच अडकून राहिलं आणि मी म्हटलं, "नाही. बस एवढंच."

"या वेळी निळी पेन्सिल फार झिजली नाही," आजोबा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "शिकलीस."

मी इतकी खूश झाले, की घरी जाताना आठवणीने केक घेतला.

जानेवारीत त्यांचा रोज चार वाजता सॅटेलाइट फोन यायचा. दोन मिनिटं. कुठे आहोत, पाणी किती, उद्या कुठे. बाई ते फळ्यावर लिहीत. त्यांच्याबरोबर एक ड्रायव्हर आणि एक वाटाड्या असायचा. वाटाड्या त्याच डोंगरांच्या पायथ्याचा, शेळ्या-उंट राखणारा, पन्नाशीचा माणूस. आजोबांचा तो चार हिवाळ्यांचा सोबती. फोनवर त्याच्या तक्रारी असायच्या. बेसूर गातो, चहात मूठभर साखर घालतो, नकाशा हातात दिला की आधी उलटा धरतो आणि मग मला हसतो. बाई ते आम्हाला सांगायच्या आणि सगळे हसायचे. मीही हसायचे.

एका मंगळवारी सव्वाचारला मी पाणी प्यायला उठले आणि फळा वाचला. 'खिंडीजवळ मुक्काम. उद्या दोघे घळीतून उतरून विहिरीपाशी. गाडी वळसा घालून तिथे येईल.'

इतके महिने ती घळ माझ्यापुरती स्क्रीनवर होती. तिथे कुणी पाय ठेवेल हे मला कळत नव्हतं असं नाही. नकाशा त्यासाठीच असतो. पण कळणं आणि फळ्यावर वाचणं यात फरक आहे.

मी बाईंकडे गेले. "त्यांना परत फोन करता येईल का?"

"तो बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवतो. उद्या चारला बोल. महत्त्वाचं आहे?"

"नाही," मी म्हटलं. "एका नावाबद्दल विचारायचं होतं."

फोन करून तरी बघा, असं म्हणायला हवं होतं. चार शब्द. बाईंनी लावून पाहिला असता. त्या संध्याकाळी तो फोन चालू होता का, हे मी आजोबांना नंतर कधीच विचारलं नाही. माझ्यात ती हिंमत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कुकर लावत होता. ऐकता ऐकता शिट्टी बसवायची विसरला.

"अगं, त्यांना काय डोळे नाहीत का? तीस वर्षं फिरलेला माणूस. कडा दिसला की थांबतील की."

"त्यांनी माझी रेघ अखंड बघितलीय. ते थांबणार नाहीत."

"मग उद्या चारला फोन येईल तेव्हा सांग."

"चारपर्यंत ते उतरलेले असतील रे."

तो हळूच म्हणाला, "बाईंना सांगितलंस तर काढून टाकतील का गं?"

मी त्याच्यावर एवढी चिडले, की ताट तसंच ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. त्याच दिवशी त्याला एका कंपनीचं नकाराचं पत्र आलं होतं. ते टेबलावर पडलेलं मी बघितलं होतं. मला राग आला तो त्याच्या विचाराचा नव्हे. ऑफिसातून निघाल्यापासून माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं.

बुधवारी चार वाजले. सव्वाचार झाले. बाई फोनजवळ बसून काहीतरी टाइप करत होत्या. साडेचारला म्हणाल्या, "आधीही झालंय असं. डोंगराआड सिग्नल मिळत नाही." पाचला बाहेर अंधार पडला, लोकांनी कोट चढवले, सायकली काढल्या. फळ्यावर मंगळवारचंच लिहिलेलं राहिलं. मी बोलले नाही. फोन येईल, आपोआप सगळं ठीक होईल, मग कुणाला काही सांगायलाच लागणार नाही, अशी आशा मी धरून बसले होते. ती आशा आठवली की आजही मला स्वतःची शरम वाटते.

गुरुवारी सकाळी कोट न काढता मी बाईंच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"किती रेघा?"

"अकरा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्या ओरडल्या नाहीत. मग उठल्या आणि त्या देशातल्या, आमच्याबरोबर काम करणाऱ्या कचेरीला फोन लावला. सगळे माझ्या स्क्रीनभोवती जमले. कुणी चित्र उजळ करायला सांगितलं. केलं. काळ्याचा करडा झाला आणि करड्यात नुसती रवाळ भुकटी दिसायला लागली. आणखी उजळ केलं, तर भुकटी पांढरी झाली. दिसत काहीच नव्हतं. एकजण म्हणाला, "कदाचित मधे पायरी असेल, त्यावर अडकले असतील." तिकडची कचेरी म्हणाली, गाडी पाठवतो, पोचायला दोन दिवस लागतील. बाईंनी घळीचे अक्षांश-रेखांश सावकाश, दोनदा वाचून दाखवले. आणि मग करण्यासारखं काही उरलंच नाही.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. हीटर चालू होता. कालव्यात बदकं होती. साडेबाराला सगळ्यांनी आपापले डबे उघडून ब्रेड खाल्ला, कारण साडेबाराला ब्रेड खायचा असतो. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. एकीने तर मला चहा आणून दिला. मी काळा चष्मा लावून बसले आणि ठिपका घेऊन पुन्हा पुन्हा त्या काळ्यात उतरत राहिले. वरच्या तोंडाशी ठिपका टेकायचा. एक वळण पुढे गेलं की तरंगायला लागायचा. मी चाक फिरवत होते, थांबत होते, परत वर येऊन पुन्हा उतरत होते. जणू मी नीट बघितलं तर ते दोघे मला सापडतील. चित्र तर वर्षभरापूर्वीचं होतं. त्यात ते असणार कुठून?

शुक्रवारी अकरा वाजता फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावला. आजोबांचा आवाज होता. ते डचमध्ये बोलत होते. माझं डच तेव्हा बाजारहाट करण्यापुरतं होतं. पहिल्यांदा मला फक्त आवाज ओळखू आला आणि मी सुटल्यासारखी खुर्चीत बसले. मग बाकीच्यांचे चेहरे बघितले. मेला, हा शब्द कुठल्याही भाषेत लवकर कळतो. आजोबा वाचले होते. वाटाड्या गेला होता.

फोनची पिशवी त्याच्या पाठीवर होती, ती त्याच्याबरोबरच खाली गेली. ड्रायव्हरने विहिरीपाशी दिवसभर वाट बघितली, मग वळसा घालून परत खिंडीपाशी आला आणि आजोबांना गाडीत घालून दूरच्या एका पोलीस ठाण्यापर्यंत नेलं. बाईंनी दोनदा वाचलेल्या अक्षांश-रेखांशांचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

आजोबा फेब्रुवारीत परतले. गालफडं बसली होती. दुपारी मला म्हणाले, "चल, बाहेर बसू." कालव्याकाठच्या बाकावर बसलो. थंडी मरणाची होती. सगळं माझ्या तोंडून आधीच बाईंकडे आणि बाईंकडून त्यांच्याकडे गेलं होतं.

"खिंडीत पोचल्यावर तो म्हणाला, इथून उतरता येत नाही," आजोबा सांगू लागले. "तो स्वतः कधी उतरला नव्हता. पण त्याचे वडील सांगायचे, इकडून शेळीसुद्धा जात नाही. मी त्याला शीट दाखवलं. म्हटलं, हे बघ, रेघा अखंड आहेत, सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे उतार आहे. माझ्या माणसांना दिसलं नसतं तर त्यांनी तुटक काढल्या असत्या. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण रेघा समजायच्या, मीच शिकवल्या होत्या. त्याने बराच वेळ शीट बघितलं. मग म्हणाला, तुझा गुडघा बरा नाही, आधी मी बघून येतो. आणि माझ्या पाठीवरची पिशवी त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली."

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"शीट मी दाखवलं."

"तुम्ही मला विचारलं होतंत."

"हो," ते म्हणाले. "विचारलं होतं."

त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं. एक तरी. ते गुडघ्यावर हात ठेवून बदकांकडे बघत बसले. मी विचारलं, त्याच्या घरच्यांना पत्र लिहू का? दोन मुली होत्या त्याला, लग्न झालेल्या. आजोबा म्हणाले, "कुठल्या पत्त्यावर? तिथे पत्ते नसतात. म्हणून तर नकाशा करतोय आपण."

मला काहीही झालं नाही. बाईंनी अहवालात सरळ भाषेत जे होतं ते लिहिलं. सावलीतल्या भागाच्या तपासणीची पद्धत बदलली. माझी नोकरी राहिली. एप्रिलमध्ये नवऱ्याला बेस्ट नावाच्या डच गावात नोकरी मिळाली, त्याचं स्वतःचं परमिट झालं, ओळखीच्या मराठी मंडळींना बोलावून आम्ही श्रीखंड-पुरी केली. उन्हाळ्यात माझंही परमिट वाढवून मिळालं. सगळं सुरळीत झालं. त्या सुरळीतपणाचं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणीतरी काहीतरी वसूल करायला हवं होतं असं वाटत राहतं, आणि वसूल करणारं कुणी येत नाही.

दुपारच्या उन्हातलं चित्रही आलं. मागवल्यापासून बरोब्बर सहा आठवड्यांनी. मी चष्मा लावला, घळीच्या तोंडाशी ठिपका नेला, आणि ठिपका लगेच टेकला. वरच्या तीन रेघा सौम्य उताराच्या होत्या. बरंचसं मी काढलं होतं तसंच. त्यानंतरच्या आठ रेघा एकाच जागी होत्या, एकीवर एक. तिथे जमीन सरळ खाली तुटली होती. काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग नावं घालायची वेळ आली. आजोबांनी आणलेल्या शीटवर त्या घळीपाशी निळ्या पेन्सिलीने एक नाव लिहिलेलं होतं. जाताना तिला नाव नव्हतं. परत निघण्यापूर्वी आजोबा वाटाड्याच्या माणसांच्या तळावर जाऊन आले होते. तिथे ती मंडळी आधीच त्या घळीला त्याच्या नावाने ओळखायला लागली होती.

मी बाईंना म्हटलं, हे शीट दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "शीट तुझं आहे." त्यात खोच नव्हती. खरंच माझं होतं.

आजोबांनी माझ्याशेजारी बसून ते नाव मला म्हणून दाखवलं. मधलं एक अक्षर घशातून यायचं. चार-पाच वेळा म्हटल्यावर मला जमलं. नकाशात नाव घालताना अक्षरांखालच्या रेघा तोडाव्या लागतात, नाहीतर नाव वाचता येत नाही. सगळ्याच नकाशांत तसं करतात. मी घळीच्या बाकाबरोबर नाव तिरकं बसवलं आणि प्रत्येक अक्षरापाशी रेघ हाताने तोडली. आजोबा उठले नाहीत, शेवटचं अक्षर होईपर्यंत बसून राहिले. मग नेहमीचा प्रश्न न विचारता कप उचलून निघून गेले.

त्या रविवारी नेहमीसारखा आईचा फोन आला. तिला यातलं काही मी कधी सांगितलेलं नाही. ती सांगलीतल्या पाण्याबद्दल, शेजारच्या लग्नाबद्दल बोलत होती. मधेच मी विचारलं, "आई, पेपर कोरा ठेवला तर काय होतं गं?"

"हे काय आज मधेच?" ती हसली. "शून्य मिळतं. अजून काय होणार?"

तिला वाटलं फोन कट झाला, म्हणून ती बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिली.